थांब्याआधीची वाट



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर नगररचना शिकवली. त्यांच्या वर्गात पहिला आठवडा नकाशा उघडायला बंदी असे. आधी पेठांमधून हिंडून या, मग नकाशावर बोलू, असा त्यांचा दंडक होता. आजचा विषय मी त्या दंडकाला धरूनच निवडला आहे. शहरातल्या माणसाला बस, लोकल किंवा मेट्रो गाठायला किती चालावे लागते?

प्रश्न छोटा वाटेल. सार्वजनिक वाहतुकीची चर्चा निघाली की आपण गाड्या मोजतो, किलोमीटर मोजतो, कोटी मोजतो. नव्या मार्गाचे उद्घाटन होते, फलक झळकतात, पहिल्या रविवारी घरचे सगळे हौसेने चक्कर मारून येतात. पण सोमवारी सकाळी कामावर निघालेला माणूस त्या गाडीत बसण्याआधी कुठून तरी चालत आलेला असतो. उतरल्यावर पुन्हा चालणार असतो. हे चालणे प्रवासाच्या बाहेरचे की प्रवासातलेच? ते प्रवासातलेच आहे, हे मला आज ठामपणे सांगायचे आहे. आणि ते प्रवासातलेच असेल, तर त्याची जबाबदारी गाडी चालवणाऱ्या संस्थेवरही आलीच पाहिजे. आज ती धड कोणावरच नाही.

आधी मोजमापाकडे वळू. बससाठी माणूस साधारण ४०० मीटर चालतो आणि रेल्वेसाठी ८०० मीटर, हा ठोकताळा जगभरचे नियोजनकार अनेक दशके वापरत आले आहेत. पाच मिनिटे आणि दहा मिनिटे, असा त्यामागचा हिशेब. लंडनमध्ये एखाद्या पत्त्यावरून सार्वजनिक वाहतूक किती सोयीची आहे हे ठरवताना बससाठी ६४० मीटर आणि रेल्वेसाठी ९६० मीटर ही मर्यादा धरतात, चालण्याचा वेग मिनिटाला ८० मीटर. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये बससाठी ५०० मीटर आणि रेल्वे-मेट्रोसाठी १ किलोमीटर हे माप आहे. आपल्या केंद्र सरकारने २०१७ मध्ये स्थानकांभोवतीच्या विकासाचे धोरण आणले, त्यातही ५०० ते ८०० मीटरचा परिसर धरला आहे.

या आकड्यांशी माझे भांडण नाही. पण मिनिटाला ८० मीटर हा वेग कोणाचा? धडधाकट माणसाचा, हातात ओझे नसताना, सपाट आणि मोकळ्या वाटेवरचा. सत्तरी ओलांडलेल्या आजी मिनिटाला ५० मीटर चालल्या तरी पुष्कळ. त्यांच्यासाठी पाच मिनिटांवरचा थांबा आठ मिनिटांवर जातो. चोवीस मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला त्यांना जवळजवळ अर्धे मिनिट लागते. आपल्या चौकातला सिग्नल तेवढा वेळ देतो का? आज घरी जाताना थांबून पाहा. कडेवर मूल असलेली आई, गुडघे दुखणारे गृहस्थ, कुबडी घेतलेला विद्यार्थी, डब्यांच्या पिशव्या घेऊन निघालेली पोळीवाली बाई, या सगळ्यांना एकाच मापात बसवून आपण म्हणतो की थांबा जवळ आहे.

आता नकाशा. नियोजनाच्या अहवालात थांब्यावर कंपासचे टोक टेकवतात, ४०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतात, आणि वर्तुळात आलेल्या सगळ्या घरांना सेवा मिळाली असे धरतात. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ अर्धा चौरस किलोमीटर भरते. पण माणूस घरांवरून उडत जात नाही, रस्त्याने जातो. चौकटीच्या, अगदी व्यवस्थित आखलेल्या रस्त्यांच्या शहरातही ४०० मीटर प्रत्यक्ष चालून ज्या भागात पोचता येते त्याचे क्षेत्रफळ ०.३२ चौरस किलोमीटर होते. म्हणजे उत्तमात उत्तम आखणी असली तरी वर्तुळातला एक तृतीयांशाहून जास्त भाग गळतो. मग जिथे आखणीच झाली नाही, तिथे काय होत असेल?

तिथे काय होते ते पुण्यात रोज दिसते. पुण्याच्या हद्दीत १९९७ मध्ये एकदम बरीच गावे आली, २०१७ मध्ये अकरा आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. गावांतले रस्ते बांधाबांधाने गेलेले. शेते विकली गेली ती पट्ट्यापट्ट्याने, आणि प्रत्येक पट्ट्यावर एकेक सोसायटी उभी राहिली. चारी बाजूंनी भिंत, एक गेट, गेटवर सुरक्षारक्षक. विकास आराखड्यातले रस्ते कागदावर आहेत, काही अर्ध्यात थांबले आहेत, काहींची जागाच ताब्यात आलेली नाही. उंड्री, पिसोळी, आंबेगाव, बाणेर, खराडी, कुठेही जा. आठव्या मजल्यावरच्या खिडकीतून मुख्य रस्त्यावरचा थांबा दिसतो. हवाई अंतर दोनशे मीटर. पण गेट पलीकडच्या अंगाला. गेटातून बाहेर पडायचे, नाल्यापर्यंत जायचे, शेजारच्या दोन सोसायट्यांच्या भिंतींना वळसा घालायचा, पेट्रोल पंपापाशी मुख्य रस्त्याला लागायचे आणि मग मागे यायचे. एक किलोमीटर झाला. अहवालात हे घर थांब्याच्या जवळचे म्हणून नोंदलेले असते. त्या घरातला मुलगा अठरा वर्षांचा झाला की पहिली गोष्ट कोणती मागतो? दुचाकी. आणि आईवडीलही ती घेऊन देतात. मी त्यांना दोष देणार नाही.

याउलट आपल्या पेठा. पेठांमधल्या बोळांना आपण नावे ठेवतो, गाडी जात नाही म्हणून. पण पायी माणसाला त्या बोळांनी केवढे अंतर वाचवले आहे! तुळशीबागेत एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येते, वळसा पडत नाही. दर पन्नास-शंभर पावलांवर वाट फुटते. ज्यांनी ही वस्ती वसवली त्यांच्यापुढे वाहतुकीचा आराखडा नव्हता, तरी चालणाऱ्याची सोय त्यांनी आपल्यापेक्षा जास्त पाहिली. नदीपाशी मात्र ही सोय संपते. डेक्कन आणि संभाजी उद्यान ही मेट्रोची दोन स्थानके मुठेच्या काठावर आहेत आणि दाट वस्ती समोरच्या तीरावर, पेठांमध्ये आहे. म्हणून तिथे खास पादचाऱ्यांसाठी नदीवर पूल बांधायचे ठरले. स्थानकाबाहेरची वाट हासुद्धा मेट्रोचाच भाग आहे, हे तिथे मान्य झाले. तेच इतर ठिकाणी मान्य व्हावे, एवढेच माझे मागणे आहे.

अंतरानंतर वाटेची अवस्था. मघाच्याच सोसायटीच्या गेटातून आपण सगळे थांब्यापर्यंत चालत जाऊ. गेटासमोर फूटपाथ आहे. पण प्रत्येक गेटापाशी गाड्या आत-बाहेर करायला तो तोडून उतार केलेला आहे, त्यामुळे दर वीस पावलांवर उतरायचे आणि चढायचे. पुढे विजेचा डीपी, त्याचे दार उघडे, खाली वायरींचा गुंता. त्याला टाळायला रस्त्यावर उतरावे लागते. पुन्हा चढलो तर पेव्हिंग ब्लॉक उखडलेले, पावसाळ्यात त्यांच्याखाली साचलेले पाणी पाय ठेवताच पोटरीपर्यंत उडते. मग कुणाचा तरी राडारोडा, पोत्यांत भरून महिनोन्महिने ठेवलेला. मग वर आलेले चेंबरचे झाकण. मग दुचाकींची रांग. आणि शेवटी थांबा. शेड आहे, बाकही आहे, पण शेडसमोर रिक्षा उभ्या, त्यामुळे बस रस्त्याच्या मधोमध थांबते, आणि शेडमधली माणसे रिक्षांच्या फटींतून धावत सुटतात. ज्यांना धावता येत नाही त्यांची बस जाते.

इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्ये पादचारी सुविधांची मार्गदर्शिका काढली. किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असे त्यात स्पष्ट आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःचे पादचारी धोरण केले, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वेही केली. जंगली महाराज रस्त्यावर त्याप्रमाणे फूटपाथ झाला, आणि तो इतका चांगला झाला की लोक तिथे मुद्दाम चालायला जातात. आपल्याला येत नाही असे नाही. मग उंड्रीच्या थांब्याकडे जाणाऱ्या बाईने काय गुन्हा केला आहे?

आतापर्यंतच्या हिशेबात उतार-चढाव आणि ऊन धरलेले नाही. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. तिथल्या कित्येक बायका सकाळी घरकामाला निघतात. नकाशावर त्यांचे घर आणि खालचा मुख्य रस्ता यांतले अंतर थोडेच दिसते. पण ते पायऱ्यांचे, बोळांचे, पावसात शेवाळलेल्या उतरणीचे अंतर आहे, आणि संध्याकाळी दमलेल्या पायांनी ते चढून जायचे असते. सपाट कागदावर चढ उमटत नाही. सावलीही उमटत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की वडा-पिंपळाखालचे पाचशे मीटर आणि उघड्या डांबराकडेचे पाचशे मीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. गणेशखिंड रस्त्यावरच्या जुन्या झाडांसाठी पुणेकर न्यायालयापर्यंत गेले, ते पर्यावरणाच्या प्रेमापोटी गेले, पण ती लढाई बसच्या प्रवाशाचीही होती. सिंगापूरने २०१३ मध्ये मेट्रो स्थानकांपासून ४०० मीटरच्या आतल्या शाळा, दवाखाने आणि वस्त्या छपराच्या पायवाटांनी जोडायचा कार्यक्रम हाती घेतला आणि पाच वर्षांत सुमारे २०० किलोमीटर वाटा बांधून पूर्ण केल्या. तिथेही आपल्यासारखेच ऊन आणि आपल्यासारखाच पाऊस. आपण निदान झाडे तरी ठेवू या.

आता मुंबईकडे येतो, कारण मुंबईशिवाय हा विषय पुरा होत नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि त्यानंतर ते शहर रुळांच्या काठाने वाढत गेले. मुंबईकर पत्ता सांगताना स्टेशन सांगतो आणि मग पूर्व की पश्चिम ते सांगतो. जागेच्या जाहिरातीत स्टेशनपासून किती मिनिटे हे ठळक छापलेले असते आणि त्या मिनिटांवर भाडे ठरते. डोंबिवलीत, कल्याणात, विरारमध्ये पंधरा-वीस मिनिटे चालून गाडी गाठणारी माणसे लाखांनी आहेत. त्यांना चारशे मीटरचा ठोकताळा सांगितला तर ती नवल करतील.

मुंबईकर एवढा का चालतो? काही अंशी नाइलाजाने, शेअर रिक्षाचे पैसे वाचवायला. पण त्याहून मोठे कारण असे की पोचल्यावर गाडी मिळणार याची त्याला खात्री आहे. इथे दुसरा मोठा मुद्दा येतो. चालणे आणि थांबणे यांचा एकमेकांशी सौदा असतो. घराजवळच्या थांब्यावर अर्ध्या तासाने बस येत असेल तर माणूस सरासरी पंधरा मिनिटे ताटकळतो. मोठ्या रस्त्यावर सहा मिनिटांनी बस असेल तर तीन मिनिटे. मधल्या बारा मिनिटांत तो सुमारे ९०० मीटर चालून मोठ्या रस्त्यावर पोचू शकतो, आणि पुष्कळ लोक पोचतातच. सातारा रस्ता, नगर रस्ता, कर्वे रस्ता इथल्या थांब्यांवर जी गर्दी असते तिच्यात आतल्या गल्ल्यांतले थांबे सोडून आलेली माणसे किती तरी असतात. मग अधिकारी म्हणतात, आतल्या थांब्याला प्रवासी नाहीत, फेऱ्या कमी करा. फेऱ्या कमी झाल्या की उरलेले प्रवासीही निघून जातात. अशा रीतीने एक मार्ग मरतो, आणि शेवटी त्या मार्गावर उरतात त्या फक्त ज्यांना ९०० मीटर चालणे झेपत नाही अशा म्हाताऱ्या बायका. बस बंद झाल्यावर त्या कुठे जातात? घरात बसतात.

थांबे जवळजवळ केले की हा प्रश्न सुटेल का? पूर्ण सुटणार नाही. दर दोनशे मीटरला बस थांबू लागली तर ती रखडत जाईल आणि आत बसलेल्या सगळ्यांचा वेळ जाईल. थांबे थोडे लांब असले तरी चालतील, मात्र बस वेळेवर हवी आणि वाट धड हवी. यातली एक बाजू सोडली तर दुसरीला अर्थ उरत नाही. पुण्याने हा धडा बीआरटीत, म्हणजे जलद बससेवेत, घेतला. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला हा पहिला मोठा प्रयोग झाला. बसला स्वतंत्र मार्गिका मिळाली, थांबे रस्त्याच्या मध्ये गेले, आणि थांब्यापर्यंत पोचायला वाहता रस्ता ओलांडणे नशिबी आले. पादचाऱ्याची वाट आधी बांधून मग बस आणायला हवी होती. पुढे नगर रस्त्यावरच्या बीआरटी मार्गिकेचा काही भाग २०२३ मध्ये उखडून टाकला गेला. लोक म्हणाले, बीआरटी फसली. माझ्या मते बसची मार्गिका फसली नाही, तिच्यापर्यंत जाणारी वाट कोणी बांधलीच नाही.

आणि मुंबईचा आणखी एक दिवस इथे आठवलाच पाहिजे. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड स्थानक. पाऊस सुरू होता, पुलाच्या जिन्यावर गर्दी अडली आणि चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. ती माणसे गाडीत नव्हती. ती चालत होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या, कामाला येणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि जिना होता तेवढाच राहिला. इमारतींना परवानगी देणाऱ्याने जिन्याकडे पाहिले नाही, कारण जिना दुसऱ्या खात्याचा. त्या घटनेनंतर लष्कराने तिथे नवा पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. पाच महिन्यांत! म्हणजे हे काम होऊ शकत होते. तेवीस जण जाण्याआधीही होऊ शकत होते.

दुसऱ्या खात्याचा, हेच सगळ्याचे मूळ आहे. मघाच्या वाटेवर पुन्हा नजर टाका. फूटपाथ महापालिकेच्या पथ विभागाचा. डीपी वीज कंपनीचा. चेंबर ड्रेनेज विभागाचे. रिक्षा आणि दुचाकी वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीत. थांब्याची शेड पीएमपी या बससंस्थेची. मेट्रोचे स्थानक महामेट्रोचे, तेही जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत. भिंत सोसायटीची. या सगळ्यांतून सलग चालत जाणारा माणूस मात्र एकटाच आहे, आणि त्याची तक्रार कोणत्या टेबलावर द्यायची हे त्याला कोणी सांगत नाही. शिरगणतीतही तो हरवतो. २०११ च्या जनगणनेत कामावर कसे जाता हा प्रश्न होता, पण उत्तर एकाच साधनाचे. वीस मिनिटे चालून बस पकडणारा बसच्या रकान्यात गेला. त्याच्या चालण्याची कुठेच नोंद झाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले आहे की अडथळ्यांविना फूटपाथ वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये चालणारे आणि सायकलस्वार यांच्यासाठी वाहतूक खर्चाचा ६० टक्के भाग राखण्याचे धोरण स्वीकारले होते. हक्क सांगून झाला आहे, धोरणाचे मजकूर तयार आहेत. आता काम उरले आहे ते नेमून देण्याचे.

म्हणून माझा आग्रह असा. प्रत्येक मेट्रो स्थानकाभोवतीचा आणि मोठ्या बसथांब्याभोवतीचा ५०० मीटरचा परिसर त्या त्या वाहतूक संस्थेच्या जबाबदारीत आणा. तिथे दुरुस्ती कोणत्याही खात्याने करावी, पण जाब एकाच अधिकाऱ्याने द्यावा, आणि त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक थांब्यावर लावलेला असावा. हा परिसर कंपासने आखू नका, चालून आखा, आणि चालायला एखाद्या आजींना सोबत घ्या. मोठ्या गृहप्रकल्पाला परवानगी देताना थांब्याच्या बाजूला पायी माणसासाठी दार ठेवण्याची अट घाला. उभ्या असलेल्या सोसायट्यांना माझी हात जोडून विनंती आहे की मागच्या भिंतीत एक लहान फाटक काढा. सुरक्षेची भीती रास्त आहे, रात्री कुलूप लावा. एका फाटकाने शेकडो लोकांचा रोजचा अर्धा तास वाचू शकतो. आणि चालणाऱ्याला जिन्यावर चढवण्याआधी गाड्यांना थांबवता येते का ते पाहा. मुंबईत २००८ पासून स्कायवॉक बांधले गेले, तरी पुष्कळ माणसे आजही खालूनच रस्ता ओलांडतात, कारण दिवसभराच्या कामानंतर दोन मजले चढण्याची ताकद त्यांच्यात उरलेली नसते.

आपल्या हातात आज काय आहे? पुणे महापालिकेत २००६ पासून सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत आहे. नागरिकांनी आपल्या प्रभागातली कामे सुचवायची असतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. आजवर त्यातून बाके, कमानी, नामफलक पुष्कळ मागितले गेले. या वर्षी आपल्या घराजवळचा एक थांबा निवडा. घरापासून तिथवर चालत जा आणि वाटेत जिथे जिथे रस्त्यावर उतरावे लागते ती ठिकाणे लिहून काढा: दुकानाचे नाव, डीपीचा क्रमांक, झाकण कोणत्या झाडापाशी आहे ते. ती यादी अर्जाला जोडा. पाचशे मीटरच्या यादीला एक पान पुरते. बाहेर दाराशी कार्यकर्त्यांनी कोरे कागद ठेवले आहेत, जाताना घेऊन जा.